सैन्यात शिपाई असलेल्या मुलाला वेस्ट पॉइंटचं नॉमिनेशन कसं मिळतं?

जास्वंद_एडिसन | ४ सप्टेंबर २०२२, रात्री ११.४०

मंडळी, इथे पाककृतींखेरीज आजवर एकही धागा काढलेला नाही. आज गौरीजेवण उरकलं, भांडी आवरली आणि लिहायला बसले. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

लेक येत्या नोव्हेंबरात वीस पूर्ण करेल. ठाण्याहून आलो तेव्हा नऊ वर्षांचा होता. ह्यांचं ग्रीन कार्ड दहा वर्षं रांगेत उभं राहून २०२१ च्या सुरुवातीला हातात पडलं. त्याआधीचं वर्षभर हा कम्युनिटी कॉलेजचे वर्ग खोलीत बसून, कॅमेरा बंद ठेवून करत होता. कार्ड आल्यावर काही आठवड्यांत एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, आर्मीत सही करून आलोय. ह्यांनी पंधरा दिवस अबोला धरला. मी रडून घेतलं आणि त्याच्या बॅगेत बेसनाचे लाडू भरले. (ते तिथे पहिल्याच दिवशी काढून घेतले म्हणे.)

आता तो प्रायव्हेट फर्स्ट क्लास आहे. कोलोरॅडोतल्या एका तळावर ट्रक दुरुस्त करतो. नागरिकत्वही आर्मीत राहूनच मिळालं. गेल्या आठवड्यात फोनवर म्हणाला, "आई, मला वेस्ट पॉइंटला अर्ज करायचाय. ऑफिसर व्हायचंय." वेस्ट पॉइंट म्हणजे आर्मीचे ऑफिसर घडवणारी अकॅडमी. तिथे जायला नॉमिनेशन, म्हणजे कुणीतरी अधिकृतपणे नाव सुचवणं, लागतं म्हणाला. मी शोधलं तर सगळीकडे सिनेटर आणि काँग्रेसमनची नावं. आम्ही कुणालाच ओळखत नाही हो. मंडळाच्या गणपतीला एकदा एक नगरसेवक आले होते, त्यांच्याबरोबर फोटो आहे तेवढाच.

ओळखीशिवाय हे होतं का? त्याच्या कंपनीत विचारलं तर म्हणे असं इथून आजवर कुणी गेलेलं नाही. आणि वय उलटून तर गेलं नाही ना?

भटक्या_फिली | ५ सप्टेंबर, सकाळी ७.१५

खासदाराची चिठ्ठी लागते म्हणजे आपल्याकडचा वशिलाच की! आणि आपण उगाच समजत होतो की साता समुद्रापार आलो. कृ. ह. घ्या.

विसूभाऊ | ५ सप्टेंबर, सकाळी ८.०२

+१. त्यापेक्षा मुकाट्याने कॉलेज पुरं करायला सांगा ताई. आर्मी नंतरही ऑफिसर घेते. वेस्ट पॉइंट वगैरे फुटबॉलपटू आणि जनरलच्या पोरांसाठी.

कढीपत्ता | ५ सप्टेंबर, सकाळी ९.४८

विसूभाऊ, अर्धवट माहितीवर कुणाचं पोर नाउमेद करू नका. माझी लेक ॲनापोलिसला, म्हणजे नेव्हल अकॅडमीत, दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हीही कुणाला ओळखत नव्हतो. मी शाळेत पर्यायी शिक्षिका, हे फार्मासिस्ट.

वशिला नाही तो. एका सिनेटरची किंवा प्रतिनिधीची, म्हणजे काँग्रेसमनची, एका अकॅडमीत एका वेळी जास्तीत जास्त पाच मुलं असू शकतात. कुणी पदवी घेऊन बाहेर पडलं की जागा रिकामी होते आणि तिच्यासाठी तो काही नावं पाठवतो. ती नावं तो स्वतः बसून निवडत नाही. त्याच्या मतदारसंघातले निवृत्त अधिकारी, मुख्याध्यापक, वकील अशांचं मंडळ असतं. अर्ज, निबंध, गुणपत्रकं, शिफारसपत्रं आणि मग मुलाखत. लेकीच्या मुलाखतीत तिला राजकारणाचं अक्षर विचारलं नाही. विचारलं काय, तर रोइंगच्या संघात तुझं कुणाशी भांडण झालं आणि ते कसं मिटलं.

एक लक्षात घ्या. नॉमिनेशन म्हणजे प्रवेश नव्हे, प्रवेशाच्या दारात उभं राहायची परवानगी. निवड अकॅडमीच करते. दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी, तिघांकडे अर्ज टाका. उपराष्ट्रपतींकडेही टाकता येतो. मुलगा कोलोरॅडोत असला तरी त्याचा कायमचा पत्ता न्यू जर्सीचा असेल, तर न्यू जर्सीच्याच कार्यालयांकडे. आणि आजच संकेतस्थळं बघा, बऱ्याच कार्यालयांच्या मुदती सप्टेंबर ते नोव्हेंबरात संपतात.

वयाचं म्हणाल तर प्रवेशाच्या वर्षीच्या १ जुलैला तेविसावा वाढदिवस उलटलेला नसावा. तुमचा मुलगा आरामात बसतो.

इतिहासवेडा | ५ सप्टेंबर, दुपारी १२.३०

भटक्या, वशिल्याचा वास पूर्वी होता, नाकारत नाही. युलिसिस ग्रँटची गोष्ट ऐका. १८३९ मध्ये त्याच्या वडिलांनी ओहायोचे काँग्रेसमन थॉमस हेमर यांना पत्र लिहिलं. दोघांचं राजकारणावरून आधीच बिनसलेलं होतं. तरी हेमरनी नाव पाठवलं, पण घाईत चुकीचं. मुलाचं खरं नाव हायरम युलिसिस ग्रँट. हेमरनी आईच्या माहेरच्या आडनावाचा अंदाज बांधून युलिसिस एस. ग्रँट लिहून टाकलं. वेस्ट पॉइंटच्या वहीत तेच चढलं ते कायमचं. राष्ट्राध्यक्ष झाला तरी कारकुनी चूक सुटली नाही.

आयझेनहॉवरला खरं तर नेव्हीत जायचं होतं. कॅन्ससच्या सिनेटर ब्रिस्टोंनी परीक्षा ठेवली होती, ती त्याने दिली. पण ॲनापोलिससाठी वय उलटलेलं निघालं, म्हणून १९११ मध्ये वेस्ट पॉइंटला गेला. तेव्हा ताई, दोन-तीन दारं ठोठावून ठेवा.

जुना_सार्जंट | ५ सप्टेंबर, रात्री १०.२०

धागा आज कामावर वाचला, घरी येऊन लिहितोय. मी चौदा वर्षं यू. एस. आर्मीत काढली, स्टाफ सार्जंट म्हणून बाहेर पडलो. मूळचा इचलकरंजीचा. माझ्या हाताखालच्या एका मुलाचा अर्ज मी स्वतः मार्गी लावलेला आहे, म्हणून हक्काने बोलतो.

जास्वंदताई, कढीपत्ताताईंनी सांगितलं ते बरोबरच आहे. पण तुमच्या मुलाकडे अजून एक दार आहे जे शाळेतल्या पोरांना नसतं, आणि त्याचा कुणी उल्लेखच केला नाही. कायद्यानेच सेक्रेटरी ऑफ द आर्मीला दरवर्षी नियमित सैन्यातले ८५ शिपाई आणि रिझर्व्ह व नॅशनल गार्डमधले ८५ वेस्ट पॉइंटसाठी देता येतात. एकूण १७०. ह्या जागा सगळ्या भरतात असं नाही, कारण पात्र अर्जच तेवढे येत नाहीत. पोरांना माहीतच नसतं.

आता ह्या दारासाठी कुणाची सही लागते? सिनेटरची नाही. त्याच्या कंपनी कमांडरची. तो कॅप्टन. रोज सकाळी फॉर्मेशनला ज्याला सॅल्यूट ठोकतो तो. तुम्ही वॉशिंग्टनकडे डोळे लावून बसलाय, आणि माणूस त्याच्यापासून पन्नास पावलांवर बसलाय.

अडचण कुठे येते ते सांगतो. "इथून कुणी गेलं नाही" हे उत्तर मीही ऐकलंय. करिअर काउन्सेलरकडे जाऊ नका असं नाही, पण त्याचं मुख्य काम माणूस पुन्हा भरती करून घेण्याचं असतं. तो ग्रीन टू गोल्ड, म्हणजे शिपायाला कॉलेज करून ऑफिसर होऊ देणारी योजना, सांगेल, वेस्ट पॉइंट त्याच्या यादीत खाली असतं. प्लॅटून सार्जंटला चांगला मेकॅनिक सोडायचा नसतो, आणि त्यात त्याचंही चूक नाही, ट्रक कोण दुरुस्त करणार? कॅप्टन बिचारा स्वतः पंचविशी-तिशीतला, त्याने असा कागद आयुष्यात बघितलेला नसतो. कुणी दुष्ट नसतं, फक्त कागद कुणाच्या तरी टेबलावर पडून राहतो.

तेव्हा मुलाने काय करायचं:

वेस्ट पॉइंटच्या ॲडमिशन्समध्ये सैनिकांचे अर्ज बघणारा वेगळा अधिकारी असतो. आधी त्याला ईमेल. ऑनलाइन प्रश्नावली भरली की पुढचा सगळा अर्ज उघडतो. मग टीम लीडर, प्लॅटून सार्जंट, फर्स्ट सार्जंट ह्या क्रमानेच वर जायचं, उडी मारायची नाही. पण कुठे अडलं तर कमांडरची ओपन डोअर, म्हणजे त्याला थेट भेटायची मुभा, असते, ती वापरायचा हक्क प्रत्येक शिपायाला आहे. नीट, वर कळवून वापरायची.

शिफारसपत्राचा कच्चा मसुदा आपणच नेऊन द्यायचा. आपल्याकडे हे ऐकायला कसंतरी वाटतं, स्वतःचं कौतुक स्वतः लिहायचं. तिथे ती पद्धतच आहे. "मेहनती व प्रामाणिक" असलं लिहू नये. किती गाड्या, कुठल्या सरावात, रात्री किती वाजता, कुणाला शिकवलं, ते लिहायचं.

बाकी सगळ्यांना असतं तेच: एसएटी ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा, शाळेची गुणपत्रकं, इंग्रजी-गणित-विज्ञानाच्या शिक्षकांची पत्रं, वैद्यकीय तपासणी, शारीरिक चाचणी. अविवाहित, अंगावर कुणाची जबाबदारी नको. अर्ज पुरा करायची शेवटची तारीख ३१ जानेवारी. एसएटीचं तळावरच्या एज्युकेशन सेंटरमध्ये विचारायला सांगा, सैनिकांना ती सरकारी खर्चाने देता येते.

आणि एक: भरतीच्या वेळी झालेली तपासणी इथे चालत नाही. अकॅडमीसाठी वेगळं खातं आहे, डॉडमर्ब म्हणतात. ते सगळं पुन्हा उकरून काढतं.

जास्वंद_एडिसन | ६ सप्टेंबर, सकाळी ६.५५

सार्जंटसाहेब, काल रात्री तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला, मग त्याला फोनवर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मी चुकीच्या माणसाला घाबरत होतो."

कढीपत्ता, तिन्ही कार्यालयांचे अर्ज उतरवून घेतलेत. आजीला ठाण्याला फोन करून सांगितलं की चार वर्षं लग्न करता येत नाही. ती म्हणाली, "मग नाव काढून घे."

सुभेदार_अपशिंगे | ६ सप्टेंबर, दुपारी ३.१०

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त. गाव अपशिंगे मिलिटरी, जिल्हा सातारा. आमच्या गावात घरटी फौजी. नातू हे संकेतस्थळ दाखवतो, म्हणून वाचतो.

आपल्याकडे ह्याला एसीसी म्हणतात, आर्मी कॅडेट कॉलेज. मूळ नौगावच्या किचनर कॉलेजचं, १९२९ चं. १६ मे १९६० ला पुण्यात एसीसी म्हणून सुरू झालं, १९७७ ला डेहराडूनला गेलं. बारावी झालेला, दोन वर्षं नोकरी केलेला, वीस ते सत्तावीस वयाचा जवान लेखी परीक्षा देतो, मग एसएसबी, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखती-चाचण्या. निवड झाली तर तीन वर्षं एसीसीत पदवी, मग एक वर्ष आयएमए, म्हणजे इंडियन मिलिटरी अकॅडमी. खासदार-आमदार कुणी लागत नाही. पण सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, साहेबांची शिफारस लागतेच. म्हणजे तिकडे काय न् इकडे काय, गाठ शेवटी आपल्या साहेबाशीच.

मी दोनदा एसएसबीला गेलो. भोपाळ. दोन्ही वेळा पाचव्या दिवशी नंबर पुकारला नाही. दुसऱ्या वेळी स्टेशनवर बसून चहा घेतला आणि पलटणीत परत आलो. साहेबांनी विचारलं, काय झालं? म्हटलं, सर, नाही झालं. ते म्हणाले, उद्या सकाळी पीटीला वेळेवर ये. त्या दोन शब्दांनी बरं वाटलं होतं. माझ्याबरोबर लेखी पास झालेला एक जण कर्नल होऊन निवृत्त झाला. अजून दिवाळीला फोन करतो, मी त्याला सर म्हणतो, तो मला शिव्या देतो.

ताई, मुलाला सांगा, जवान म्हणून केलेली नोकरी वाया जात नाही. मेस टिनमधून जेवलेला अधिकारी जवानाला लगेच ओळखू येतो.

भटक्या_फिली | ६ सप्टेंबर, दुपारी ४.०५

सुभेदारसाहेब, माझा वशिल्याचा विनोद मागे घेतो. सलाम.

विसूभाऊ | ७ सप्टेंबर, सकाळी ८.३०

मी मागे घेत नाही. :) गंभीरपणे विचारतो. ग्रीन टू गोल्डमध्ये पूर्ण पगार घेऊन दोन वर्षांत पदवी आणि कमिशन मिळतं, असा पर्याय आहे. ओसीएस, म्हणजे ऑफिसर कँडिडेट स्कूल, आहे. दोन्हीकडून तोच सेकंड लेफ्टनंट. मग वीस वर्षांच्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या पोराने पुन्हा चार वर्षं अठरा वर्षांच्या मुलांत जाऊन, कोपऱ्यात काटकोनात वळत का चालायचं?

जुना_सार्जंट | ७ सप्टेंबर, रात्री ९.१५

विसूभाऊ, प्रश्न रास्त आहे. उत्तर मुलाच्या गुणपत्रकात आहे. दोन वर्षांचा पूर्ण पगाराचा पर्याय त्याला, ज्याचे कॉलेजचे दोन वर्षांचे क्रेडिट जमलेत. ओसीएसला पदवी लागते. ह्या मुलाकडे एका वर्षाचं ऑनलाइन कॉलेज आहे. त्याला पदवीच हवी आहे, आणि वेस्ट पॉइंट ती फुकट देऊन वर पगार देतं. कॅडेटचा पगार नव्या सेकंड लेफ्टनंटच्या मूळ पगाराच्या ३५ टक्के असतो. बदल्यात ८ वर्षांची बांधिलकी, त्यातली ५ प्रत्यक्ष नोकरीत.

तोटाही सांगतो. शाळेतून थेट आलेला मुलगा पहिल्या दोन वर्षांत सोडून गेला तर मोकळा. शिपाई सोडून गेला तर परत शिपाई, उरलेला करार पुरा करायला. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि हो, त्याच्यावर विशीतली पोरं ओरडणारच. त्याला आत्ताही ओरडतातच की.

जास्वंद_एडिसन | १८ सप्टेंबर, रात्री १०.३०

हे विसूभाऊंचा प्रतिसाद वाचून खूश झाले आणि सार्जंटसाहेबांचा वाचून गप्प बसले.

इकडची खबर. तो लहान असताना इन्हेलर घ्यायचा. आठवी-नववीत असताना एकदा डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिला होता. भरतीच्या वेळी त्याने ते सांगितलं होतं आणि सूट मिळाली होती. आता ते पुन्हा विचारणार का? एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, लिहूच नका, कोण बघतंय.

जुना_सार्जंट | १८ सप्टेंबर, रात्री ११.०५

लिहा. लिहा. लिहा. आधी सांगितलेलं असताना आता लपवलं तर दम्यापेक्षा मोठं दुखणं होईल. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा म्हटलं की ते अपात्र ठरवतात, म्हणजे पहिलं पत्र नकाराचंच येईल. घाबरू नका. तो शेवट नसतो. अकॅडमी वेव्हर, म्हणजे सूट, मागू शकते. जुन्या बालरोगतज्ज्ञांचे कागद, फार्मसीच्या नोंदी आत्ताच गोळा करून ठेवा.

कढीपत्ता | १९ सप्टेंबर, सकाळी ७.४०

सार्जंटना अनुमोदन. माझ्या लेकीचा पायाचा जुना फ्रॅक्चर, त्याचे एक्स-रे शोधायला आम्ही तळघर उपसलं होतं.

जास्वंद_एडिसन | २३ ऑक्टोबर, दुपारी २.००

उद्या लक्ष्मीपूजन, आणि चकल्या तळायच्या सोडून मी काय करतेय बघा.

त्याच्या जुन्या हायस्कूलमध्ये जाऊन आले. इंग्रजीच्या बाईंनी लगेच पत्र दिलं. गणिताचे सर निवृत्त होऊन फ्लोरिडाला गेलेत. शाळेच्या ऑफिसने त्यांना ईमेल केला, त्यांनी दोन दिवसांत लिहून पाठवलं. भौतिकशास्त्राच्या सरांना हा आठवेना. मग मी फोनमधला त्याचा युनिफॉर्ममधला फोटो दाखवला. म्हणाले, "अरे हा! हा तर माझ्या वर्गात झोपायचा." पत्र मात्र दिलं.

कमांडरचं पत्र काही येत नाहीये. दीड महिना झाला. मसुदा दिला, आठवण केली, वर कळवलं. एका ठिकाणी अडलंय. तो म्हणतो, "आई, जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." कॉलेजमध्ये असताना कॅमेरा बंद करून बसायचा तोच आवाज.

जुना_सार्जंट | २३ ऑक्टोबर, दुपारी ३.२०

जाऊ द्यायचं नाही. वर क्रमाने गेला, लेखी आठवण केली, दीड महिना थांबला. आता ओपन डोअर. फर्स्ट सार्जंटला सांगूनच. आत जाताना एका पानावर तीन गोष्टी: काय हवंय, शेवटची तारीख, आतापर्यंत काय काय झालंय. तक्रार एका शब्दाने नाही. "कागद अडवला" असं म्हणायचं नाही, "सर, मला आपल्या सहीची गरज आहे" एवढंच म्हणायचं.

सुभेदार_अपशिंगे | २३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.४५

बरोबर सांगितलं. बूट चकाचक करून जा म्हणावं. साहेब आधी बूट बघतो.

जास्वंद_एडिसन | २९ ऑक्टोबर, सकाळी ९.००

गेला. बूट घासून गेला. (त्यांचे बूट आता पॉलिशचे नसतात म्हणे, तरी ब्रशने घासले.)

कॅप्टननी पान वाचलं, विचारलं की हे माझ्याकडे आधी का नाही आलं. ह्याने काहीच सांगितलं नाही. मग म्हणाले, "मीही तिथूनच आलोय." २०१६ ची बॅच! पाऊण तास बसवून घेतलं. त्यांच्या वर्गातल्या एकाची गोष्ट सांगितली, हैतीहून आलेला मुलगा, आधी मेरीलँडच्या नॅशनल गार्डमध्ये होता, पदवीदानाच्या दिवशी उभ्या उभ्या रडतानाचा त्याचा फोटो सगळीकडे गाजला होता.

पत्र दोन दिवसांत गेलं. ह्याचा मसुदा बाजूला ठेवून त्यांनी स्वतः लिहिलं.

इतिहासवेडा | २९ ऑक्टोबर, सकाळी ११.१०

तो ॲलिक्स इद्राश. मे २०१६ चा फोटो, शोधून बघाच.

भटक्या_फिली | २९ ऑक्टोबर, दुपारी १२.००

म्हणजे वेस्ट पॉइंटचा माणूस रोज समोर उभा होता आणि ह्याला दोन महिने पत्ता नाही! वेस्ट पॉइंटवाल्यांच्या हातात बॅचची अंगठी असते ना ती, मोठाली?

जुना_सार्जंट | २९ ऑक्टोबर, दुपारी १२.४०

मोटर पूलमध्ये, म्हणजे गाड्या दुरुस्त करतात तिथे, अंगठी कोण घालेल, बोट जाईल मशिनमध्ये.

जास्वंद_एडिसन | ११ डिसेंबर, रात्री ९.५०

शारीरिक चाचणी झाली. सहा प्रकार, एकामागून एक, चाळीस मिनिटांत. पहिलाच प्रकार म्हणजे गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकणे. हा सगळं बालपण एडिसनच्या मैदानात क्रिकेट खेळलेला. सरावात ४८ फूट. त्याच्या खोलीतल्या टेक्सासच्या मुलाने त्याला तीन आठवडे जिमच्या मागे नेऊन फेकायला शिकवलं. चाचणीत ६३. पुलअप्स आणि मैलभर पळणं चांगलं गेलं.

सिनेटरच्या मंडळाची मुलाखत व्हिडिओवर झाली. मोटर पूलच्या ऑफिसात बसून दिली, मागून कुणीतरी पाना आपटत होतं. विचारलं, चांगला सार्जंट होण्याऐवजी ऑफिसरच का? हा म्हणाला, "मला सुटे भाग मिळाले नाहीत म्हणून सहा आठवडे एक ट्रक उभा होता. सुटे भाग मागवायचा निर्णय जिथे होतो तिथे मला जायचंय." मला वाटलं, हे काय उत्तर झालं! देशसेवा वगैरे म्हणायचं ना. कढीपत्ता, काय वाटतं?

कढीपत्ता | ११ डिसेंबर, रात्री १०.१५

मंडळात मी असते तर पूर्ण गुण. देशसेवा त्यांनी त्या दिवशी वीस वेळा ऐकली असेल.

जास्वंद_एडिसन | २८ जानेवारी २०२३, रात्री ८.००

प्रतिनिधीकडून नकार. दोन्ही सिनेटरांकडूनही नकार, फार सभ्य भाषेत. डॉडमर्बचं सार्जंटसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे आधी अपात्रतेचं पत्र आलं, मी दिवसभर जेवले नाही. कागद पाठवले, श्वासाची चाचणी पुन्हा झाली, वेव्हरचं बघताहेत म्हणे. आता हातात आहे ते फक्त आर्मीचं नॉमिनेशन. अर्ज पूर्ण झाला असं संकेतस्थळ दाखवतंय.

विसूभाऊ | २८ जानेवारी, रात्री ८.४५

ताई, त्या कॅप्टनची सही नसती तर आज हातात काहीच नसतं. मी सप्टेंबरात जे म्हणालो ते आता मागे घेतो.

जास्वंद_एडिसन | १४ एप्रिल, सायंकाळी ५.३०

उत्तर आलं.

थेट प्रवेश नाही. कम्युनिटी कॉलेजातला कॅल्क्युलसचा डी आडवा आला असावा, असं कॅप्टन म्हणाले. पण प्रेप स्कूलची जागा दिली आहे, वेव्हरसकट. जुलैत हजर व्हायचं. हे म्हणतात, म्हणजे अजून एक वर्ष? मला आनंद करावा की नाही तेच कळेना. सार्जंटसाहेब, हे नक्की काय असतं?

जुना_सार्जंट | १४ एप्रिल, सायंकाळी ६.१०

पेढे वाटा! यूएसमॅप्स म्हणतात त्याला, वेस्ट पॉइंटच्याच आवारात आहे. पूर्वी न्यू जर्सीत फोर्ट मॉनमथला होतं, २०११ ला तिकडे हलवलं. साधारण दहा महिने गणित, इंग्रजी, विज्ञान आणि पळणं. त्याला वेगळा अर्ज करताच येत नाही, वेस्ट पॉइंटला केलेल्या अर्जातूनच ते निवडतात. बावीसच्या आत असावं लागतं, तो आहे. हुद्द्याचा पगार चालू राहील, तेव्हा यजमानांना सांगा, घरातून एक डॉलर जात नाही. कॅल्क्युलस मात्र आत्तापासून.

सुभेदार_अपशिंगे | १४ एप्रिल, रात्री ८.००

अभिनंदन. वर्ष जास्त लागलं ह्याचं वाईट वाटून घेऊ नका. एसीसीवाल्याला तर चार वर्षं लागतात. पत्ता कळवा, कंदी पेढे पाठवतो. तिकडे मिठाई जाते का हो पोस्टाने?

जास्वंद_एडिसन | १५ एप्रिल, सकाळी ७.२०

सुभेदारकाका, पेढे माझ्या आईकडे ठाण्याला पाठवा. आजी अजून "नाव काढून घे" वरच अडून बसली आहे, तेवढ्याने विरघळेल. ह्यांनी काल रात्री त्याला स्वतः फोन केला. अर्धा तास कॅल्क्युलसवर बोलत होते. आता दर रविवारी शिकवणार आहेत म्हणे.

ऋतुजा_सॅनदिएगो | २ मे, दुपारी १.१५

पूर्ण धागा एका बैठकीत वाचला. माझी धाकटी बहीण नेव्हीत आहे, वय १९, जहाजावर. तिलाही हेच लागू होतं का? तिथे कॅप्टन म्हणजे खूपच मोठा माणूस असतो, त्याच्यापर्यंत कशी जाणार ती?

कढीपत्ता | २ मे, दुपारी २.३०

लागू होतं. नेव्ही आणि मरीनमधल्या शिपायांसाठीही ८५ आणि रिझर्व्हसाठी ८५, ॲनापोलिसला. प्रेप स्कूल न्यूपोर्ट, ऱ्होड आयलंडला. कमांडिंग ऑफिसरची शिफारस लागते. आणि कॅप्टन मोठा असला तरी त्याच्याकडे जायची वाट तिच्या डिव्हिजनच्या चीफपासून सुरू होते. तिला आज चीफशी बोलायला सांग. पत्राचा मसुदा हवा तर मला विपू (विचारपूस) कर.

जुना_सार्जंट | २ मे, दुपारी ३.००

आणि बास्केटबॉल फेकायला आजपासून सुरुवात. जहाजावर कुठे फेकेल ते मात्र बघावं लागेल.